समुद्रकाठी हॅम रेडिओचं तात्पुरतं स्टेशन: पहिल्यांदाच जाणाऱ्या क्लबसाठी

गच्चीवर अँटेना बांधून हॅम रेडिओ (परवाना घेऊन हौसेने चालवायचा रेडिओ) चालवणाऱ्या प्रत्येक क्लबात कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, "चला, दोन दिवस कोकणात जाऊ आणि समुद्राला लागून स्टेशन लावू." कल्पना चांगली आहे. खाऱ्या पाण्याशेजारी उभी केलेली साधी तारेची अँटेना शहरातल्या महागड्या अँटेनाला मागे टाकते आणि शहरातला खरखराटही तिथे नसतो. पण पहिल्या खेपेला बहुतेक क्लबांची दमछाक होते. रेडिओची तयारी चोख असते. कागद, वारा, वाळू आणि भरती यांचा विचार मात्र तिथे पोहोचल्यावर सुरू होतो. आम्ही हे बरंच केलंय, म्हणून क्रमाने लिहितो. रेडिओ चालू करायचा मुद्दा फार उशिरा येईल, तो मुद्दामच तसा ठेवलाय.

परवाना आहे, कॉलसाइन (स्टेशनचं हवेवरचं ठरावीक नाव) आहे आणि घरून एचएफवर (लांब पोहोचणाऱ्या लघुलहरींवर) बोलायची सवय आहे, असं धरून चालतो.

१. तारीख ठरवा, पण आधी पावसाशी बोलून घ्या

दीपगृहांवरून रेडिओ चालवायचा एक आंतरराष्ट्रीय शनिवार-रविवार असतो. १९९८ साली स्कॉटलंडमधल्या एअर गावच्या हौशी रेडिओ मंडळाने तो सुरू केला. तो ऑगस्टच्या तिसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी येतो. ही स्पर्धा नाही. गुण नाहीत, बक्षीस नाही. आपलं दीपगृह आधी नोंदवायचं, तिथे किंवा अगदी लगत स्टेशन लावायचं आणि जगभरातल्या दीपगृहांशी बोलायचं. नवख्या क्लबाला हे सोयीचं पडतं, कारण त्या दोन दिवसांत समोरची मंडळीही निवांत असतात.

अडचण एकच. युरोपात तेव्हा उन्हाळा असतो आणि आपल्याकडे श्रावण. शनिवार १५ ते २१ तारखेच्या दरम्यान कधीही पडतो. म्हणजे स्वातंत्र्यदिनाचा बंदोबस्त किनाऱ्यावर नुकताच लागलेला असतो किंवा अजून उठलेला नसतो. समुद्र खवळलेला, त्यामुळे खांदेरीसारख्या बेटावरच्या दीपगृहाचा विचार सोडूनच द्या. जमिनीवरची दीपगृहं घ्या: कोरलई, जयगड, रत्नागिरी, देवगड.

माझं स्पष्ट मत सांगतो. पहिलं स्टेशन डिसेंबर-जानेवारीत लावा. कुठलाही कार्यक्रम नको, नाव नको, नुसता सराव. हवा कोरडी, समुद्र शांत, चूक झाली तरी भिजत निस्तरावी लागत नाही. तो जमला की पुढच्या ऑगस्टात दीपगृह.

थंडीत जाणार असाल तर एक पथ्य पाळा. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा पुळणींवर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री दिवे लावायचे नाहीत आणि वाळूत खड्डे तर अजिबात खणायचे नाहीत. गावातले कासवमित्र असतात, त्यांना विचारा. ते स्वतःच दुसरी जागा दाखवतात.

२. जागा निवडली की अर्धी अँटेना निवडून झाली

कोकणात तुम्हाला मुख्यतः तीन प्रकारच्या जागा मिळतील आणि तिघींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली पुळण. पाणी अगदी जवळ, जागा मोकळी, मागे सुरूचं बन. उभ्या अँटेनासाठी उत्तम. पण पुळण सपाट असेल तर ओहोटीला पाणी शंभर पावलं मागे जातं आणि भरतीला तुमच्या खुर्चीखाली येतं.

दुसरा कड्यावरचा सडा, म्हणजे खडकाळ पठार. आपली बहुतेक दीपगृहं इथेच असतात. खाली जांभा. त्यात पेग ठोकायला गेलात तर पेग वाकतो, दगडाला काही होत नाही. जांभ्याची जमीन रेडिओलहरींच्या दृष्टीने कोरडीच, त्यामुळे पाणी डोळ्यांसमोर असूनही उभ्या अँटेनाला त्याचा फायदा पुळणीइतका मिळत नाही. इथे आडवा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तार) बरा. समोर जमीन एकदम उतरते त्याचा त्याला उपयोग होतो.

तिसरी जागा खाडीच्या तोंडावरचा धक्का. तिन्ही बाजूंनी पाणी, पाय ठेवायला पक्की फरशी. रेडिओच्या दृष्टीने याहून चांगली जागा मिळणार नाही. पण तिथे होड्या लागतात, मासळी उतरते, मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते आणि कामाच्या वेळी तुम्ही मध्ये आलात तर चार शब्द ऐकायलाही मिळतात. रास्तच आहे.

दिशेचाही विचार करा. कोकणातून युरोप साधारण वायव्येला आहे, आफ्रिका पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला. या बाजूंना समोर उघडा समुद्र, म्हणून समुद्राचा फायदा इथे मिळतो. जपान-ऑस्ट्रेलियाकडे मात्र पाठीमागे सह्याद्री उभा असतो. तिकडे किनाऱ्यावर आल्याने विशेष काही हाती लागत नाही. टेकडीने वायव्येचं तोंड झाकलेली जागा कितीही देखणी असली तरी सोडून द्या.

३. कागद: महिनाभर आधी

कोकण किनाऱ्यावर रेडिओ, तारा, नकाशे आणि लॅपटॉप घेऊन बसलेली अनोळखी माणसं दिसली की गावकरी पोलिसांना कळवतात, आणि त्यांनी कळवायलाच हवं. १९९३ साली स्फोटकं शेखाडी-दिघीच्या किनाऱ्यावर उतरली होती. २००८ला मुंबईवरचा हल्ला समुद्रातून आला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला शस्त्रं असलेली बेवारस नौका लागली, तीही नेमकी दीपगृहांच्या शनिवार-रविवारच्या तोंडावर. तेव्हा "आम्ही हॅम आहोत, आमच्याकडे लायसन आहे" एवढ्यावर कुणी समाधान मानेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पत्रं कुणाकुणाला द्यायची:

- दीपगृहाचं आवार वापरणार असाल तर दीपगृह व दीपनौका महासंचालनालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला. आवारात किती माणसं, किती वाजेपर्यंत, रात्री थांबणार का, हे स्पष्ट लिहा. रात्रीची परवानगी मिळेल असं गृहीत धरू नका.
- स्थानिक पोलीस ठाण्याला, आणि हद्दीत सागरी पोलीस ठाणं असेल तर तिथेही.
- ग्रामपंचायतीला. सरपंचांना पत्राबरोबर एक फोनही करा.
- धक्का किंवा बंदराची जागा असेल तर मेरीटाइम बोर्डाच्या तिथल्या बंदर कार्यालयाला.
- परवान्यात लिहिलेल्या पत्त्याबाहेर स्टेशन नेताना काय कळवायचं ते परवान्याच्या अटींत वाचा आणि दिल्लीच्या डब्ल्यूपीसी (रेडिओ परवान्यांच्या) विभागाला त्याप्रमाणे लेखी कळवा. खास कॉलसाइन हवं असेल तर त्याचा अर्ज सरल संचार पोर्टलवरून, आणि तोही भरपूर आधी.

प्रत्येक पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्या. तो शिक्का असलेला कागद रात्री अकरा वाजता गस्तीच्या गाडीपुढे धरला की दोन मिनिटांत विषय संपतो. शिक्का नसेल तर तासभर जातो.

जाताना एका फायलीत ठेवायचं ते असं: प्रत्येक चालकाचा परवाना आणि ओळखपत्र, दोन्हींच्या छायाप्रती, शिक्क्याची पत्रं, रेडिओसंचांची बिलं आणि त्यांचे सिरियल नंबर लिहिलेला एक कागद, गाड्यांचे नंबर, आणि हॅम रेडिओ म्हणजे काय हे सोप्या मराठीत सांगणारं एक पान. या पानाचे आठ-दहा झेरॉक्स काढा. फुकट वाटायला लागतात.

कुणाच्या परवान्याचा दर्जा काय आहे तेही या वेळीच बघून ठेवा. व्हीयू २ आणि व्हीयू ३ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनवाल्यांची शक्तीची मर्यादा वेगवेगळी असते. रेडिओ शंभर वॅटचा आहे म्हणून समोर बसणाऱ्या प्रत्येकाने शंभर वॅट सोडायचे नसतात.

४. एक फेरी नुसती बघायला

दोघांनी आधी जाऊन यायचं. सोबत बॅटरीवर चालणारा छोटा रिसीव्हर, मोजपट्टी आणि वही.

काय बघायचं? सगळ्यात आधी खरखराट. दीपगृहाच्या आवारात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सौर चार्जर, इन्व्हर्टर असतात आणि त्यातलं एखादं ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर) नुसती घरघर भरून टाकतं. रिसीव्हर घेऊन चाला, कुठे आवाज कमी होतो ते वहीत लिहा, तंबू तिथे.

मग दीपगृहाच्या कर्मचाऱ्यांना विचारा, आवारात कुठली यंत्रणा चालू आहे. बऱ्याच दीपगृहांवर जहाजांची ओळख टिपणारी एआयएस यंत्रणा असते. ती १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. तुमचा दोन मीटर बँड १४४ ते १४६. अंतर फार नाही. त्यांच्या अँटेनाशेजारी उभं राहून या बँडवर, म्हणजे व्हीएचएफवर, जोरात बोललात तर त्यांचा रिसीव्हर दडपला जाऊ शकतो. त्यांनी "हे बंद करा" म्हटलं तर वाद न घालता बंद करायचं. ते त्यांचं काम आहे, आपली हौस आहे.

तिसरं, भरतीची रेष. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची ओळ दिसते ती कालच्या भरतीची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी त्याच्याही वर येतं. कोकणात तिथीचा हिशेब सगळ्यांना येतो: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्येला अकरा-बाराच्या. तंबूची जागा ठरवायला हे पुरतं. अँटेना पाण्याच्या अगदी कडेला न्यायची असेल तर त्या बंदराचं भरतीचं कोष्टक घ्या आणि शिवाय एखाद्या कोळ्याला विचारा. तो जागा बघून सांगेल की पाणी कुठवर चढतं. कोष्टकात ते लिहिलेलं नसतं.

शौचालय, पिण्याचं पाणी आणि जेवणाची सोय हेही याच फेरीत ठरवा. घरगुती खाणावळ असेल तर माणसांचा आकडा सांगून ठेवा. शाकाहारी किती, मासे किती, हे ऐनवेळी विचारायला लावू नका.

५. अँटेना

खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता साध्या जमिनीच्या सुमारे हजारपट असते. उभ्या अँटेनाच्या लहरी क्षितिजाला लागून निघतात त्या साध्या जमिनीवर शोषल्या जातात, समुद्रावर नाही. लांबचं बोलणं होतं ते याच खालच्या कोनातून. किनाऱ्यावर येण्यामागची सारी गंमत एवढीच. म्हणून उभी अँटेना पाण्यापासून फार तर एका तरंगलांबीच्या आत हवी. २० मीटर बँडला म्हणजे पाण्याच्या कडेपासून वीस मीटरच्या आत. दहा मीटरच्या आत असेल तर उत्तमच. शंभर मीटर मागे सुरूच्या बनात लावली तर घरी बसला असतात तरी चाललं असतं.

पहिल्या खेपेला एवढंच न्या:

२० मीटरसाठी पाव तरंगलांबीची उभी तार. १४.२ मेगाहर्ट्झला ती पाच मीटर होते. सात मीटरच्या फायबरग्लासच्या दुमडत्या काठीवर ती आरामात बसते. खाली दोन रेडियल (आडव्या तारा), प्रत्येकी पाच मीटर, जमिनीपासून मीटरभर वर ताणलेल्या आणि एकमेकींच्या विरुद्ध दिशांना. चार घेतल्यात तर आणखी बरं. तार कापताना वीतभर लांब ठेवा आणि जागेवर मोजून कमी करा. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल तर पाच मिनिटांचं काम.

४० मीटरसाठी डायपोल. ७.१ मेगाहर्ट्झला एकूण वीस मीटर, मधोमध फीड (केबलचा जोड), उलट्या व्हीसारखा. मधलं टोक सात-आठ मीटरवर असलं तरी दिवसा महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात छान ऐकू येतं. लक्षात ठेवा, आपल्याकडे हा बँड ७.२ मेगाहर्ट्झला संपतो. अमेरिकेत तो पुढेही आहे, त्यामुळे तिकडची माणसं ७.२च्या वर ऐकू येतात. त्यांना तिथे उत्तर द्यायचं नाही.

एवढ्यावर क्लब दोन दिवस मजेत राहतो. बीम, रोटेटर, ॲम्प्लिफायर ही सगळी लांबलचक यादी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. जास्त सामान आणलं की शनिवारचा पूर्ण दिवस बांधण्यात जातो आणि रविवारचा सोडण्यात.

आता रेडियलच्या टोकांबद्दल. पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबला की त्या टोकांवर चांगलंच व्होल्टेज असतं. हात लागला तर भाजतं, आणि मीटरभर उंचीवर म्हणजे नेमका लहान मुलाच्या चेहऱ्याशी. टोकांना लाल चिंध्या बांधा, भोवती दोरी ओढा आणि तिथे एक माणूस ठेवा. संध्याकाळी पुळणीवर क्रिकेट खेळणारी पोरं चेंडूमागे पळतात तेव्हा दोरी बघत नाहीत.

काठी उभी राहण्याचं तंत्र जागेवर ठरतं. वाळूत पेग धरत नाही. रिकामी सिमेंटची गोणी घ्या, निम्मी वाळूने भरा, तोंडाला दोर बांधा, गुडघाभर खड्ड्यात आडवी पुरा आणि वरून वाळू दाबून बसवा. दोर खड्ड्यातून तिरका बाहेर काढायचा, काठीच्या दिशेने. सरळ वर काढला तर गोणी हळूहळू वर सरकते. अशा तीन गोण्यांवर ती काठी चांगल्या वाऱ्यातही हलत नाही. सड्यावर याच कामाला जांभ्याचे चिरे. गावात कुणाच्या तरी बांधकामावर पडलेले असतात, मागितले तर मिळतात, परत जागेवर नेऊन ठेवायचे. दोर नायलॉनचा पिवळा किंवा पांढरा घ्या, काळा अंधारात दिसत नाही.

वाऱ्याने फजिती होण्याची परंपरा तशी मोठी आहे. १९०१च्या डिसेंबरात मार्कोनी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकायला बसला तेव्हा त्याचा एक फुगा आणि एक पतंग वाऱ्यात तुटून गेला. दुसऱ्या पतंगाला बांधलेल्या तारेवर काम झालं. तेव्हा एक जादा काठी न्याच.

केबल. जाड आरजी-२१३ जड असते, पण बारीक आरजी-५८पेक्षा तिच्यात नुकसान निम्म्याच्या आसपास. तीस मीटरपर्यंत २० मीटर बँडवर बारीक केबलने दीडेक डेसिबल जातात, चालवून घेता येतं. त्याहून लांब असेल तर जाड. फीडपॉइंटशी फेराइटच्या कड्यावर केबलचे वेढे घेऊन चोक करा, नाहीतर केबलच अँटेना बनते आणि लॅपटॉपचा माउस बोलताना नाचायला लागतो.

६. बॅटरी

जनरेटर नको. आवाज, धूर आणि खरखराट, तिन्ही. गाडीची बॅटरी काढून आणायचा मोहही टाळा. रविवारी संध्याकाळी गाडी सुरू व्हायला हवी.

शंभर वॅटचा रेडिओ ऐकताना साधारण एक अँपिअर घेतो आणि पूर्ण जोरावर वीसच्या आसपास. बोलताना आवाज चढतो-उतरतो, त्यामुळे सरासरी आठ-नऊ धरा. तासातला एक तृतीयांश वेळ बोलण्यात गेला तर सरासरी साडेतीन अँपिअर पडते. म्हणजे ४० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी आठ तास सहज देते. तशा दोन असल्या की एक कामाला, एक खाणावळीत चार्जिंगला. जुन्या शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वापरता येते, म्हणून तिथे आकडा दुप्पट करा आणि उचलायला दोन माणसं ठेवा.

बॅटरी ते रेडिओ ही वायर हा सगळ्यांच्या विसरण्यातला मुद्दा. दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायर दोन मीटर लांब वापरली तर वीस अँपिअरला जाता-येता जवळजवळ एक व्होल्ट तिच्यातच जिरतो. लिथियमची १३.२ व्होल्टची बॅटरी रेडिओपर्यंत १२.२ होऊन पोहोचते. थोडी उतरली की बोलायला लागलं की रेडिओ बंद आणि सोडलं की चालू. लोक रेडिओ बिघडला म्हणून हळहळतात. चार चौरस मिलिमीटरची वायर घ्या, बॅटरीच्या टोकाशी दोन्ही तारांना फ्यूज लावा.

७. माणसं

एका वेळी तीन: एक बोलणारा, एक लॉग (झालेल्या संपर्कांची नोंद) लिहिणारा, एक बाहेर उभा. बाहेर उभा राहणाऱ्याला क्लबातला सगळ्यात गप्पिष्ट माणूस द्या, कारण त्याचं काम फक्त लोकांशी बोलणं. गर्दी जमतेच. "गाणी लावतास काय?" असं एखादे आजोबा विचारतात, शाळेची पोरं "मोबाईल असताना हे कशाला?" विचारतात, आणि साध्या वेषातले एक गृहस्थ काहीच न विचारता अर्धा तास बघत उभे राहतात. तिघांनाही चहा विचारायचा.

पाळी दोन तासांची ठेवा. पाइल-अप (एकाच वेळी अनेकांच्या हाका) लागला की माणूस उठत नाही, त्याला उठवावं लागतं. परवाना नसलेल्याने पीटीटी दाबायचा नाही, हा आमच्याकडे कडक नियम आहे. कितीही ओळखीचे पाहुणे आले तरी ऐकायला हेडफोन द्या, माइक नको.

८. हवेवर

लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायचा, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. दीपगृहांचा शनिवार आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो आणि रविवार सोमवारी पहाटे साडेपाचला मावळतो. एक घड्याळ यूटीसीवर लावून तंबूत टांगा, डोक्यात हिशेब करत बसू नका.

सकाळी ४० मीटर, देशातली माणसं गाठायला. तिथे मराठीत बोलायला लाजू नका. पुण्या-नाशिकचा एखादा जुना हॅम दीपगृहाचं नाव ऐकून थांबतो आणि मग पंधरा मिनिटं जातात. जाऊ द्यावीत. दुपार मंद असते, १५ आणि १० मीटरवर नजर टाका. चार-साडेचारनंतर २० मीटरवर या आणि सूर्यास्त होऊन गेल्यावरही तिथेच बसा. पाण्याकाठच्या उभ्या तारेवर इटली, जर्मनी, इंग्लंड एकामागून एक येतात ते याच वेळी. तेव्हा जेवणाची सुट्टी घ्यायची नाही. जेवण तंबूत आणा.

कॉल देताना सीक्यू (सगळ्यांना हाक) लाइटहाउस, मग कॉलसाइन, मग स्ट्रोक पोर्टेबल (म्हणजे घराबाहेरचं स्टेशन). समोरच्याला दीपगृहाचं नाव आणि नोंदणी क्रमांक सांगा. ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत) विचारतात, तो भिंतीवर लिहून ठेवा: कोरलई एमके ६८, जयगड एमके ६७, रत्नागिरी आणि देवगड एमके ६६.

आणि मरीन व्हीएचएफपासून लांब. चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटातल्या बोटींचा. काही स्वस्त हँडसेट तिथेही बोलू शकतात, म्हणून ते लॉक करूनच किनाऱ्यावर न्या.

९. पाऊस, वीज, नारळ

नारळ आधी घेतो, कारण हसण्यावारी नेतात. माडाखाली तंबू लावायचा नाही. सावली छान असते आणि नारळ वाऱ्यात न सांगता पडतो. सुरूच्या फांद्याही ऑगस्टच्या वाऱ्यात मोडतात. त्यावर दोर टाकून अँटेना ओढणार असाल तर फांदीखाली कुणी बसू नये.

कोकणात गडगडाट मे-जूनला आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरला जास्त. ऑगस्टचा पाऊस बहुधा निमूट कोसळतो. तरीही ढग गडगडला की अँटेनाची केबल रेडिओपासून सोडायची आणि तंबूबाहेर टाकायची. कड्यावरच्या सड्यावर तर माणसांनीही उठून पक्क्या इमारतीत जायचं. गडगडाट नसतानाही जोरदार सरीत अँटेनावर खरखर चढते, एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) वर जाऊन बसतो. रेडिओत बिघाड शोधू नका, सर थांबली की जाते.

जोडांना आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप. केबल तंबूत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, रेडिओवर येत नाही.

१०. परत आल्यावर, त्याच रात्री

दमलेले असता, सामान तसंच पडून राहतं. राहू देऊ नका. खारं पाणी पीएल-२५९ कनेक्टरच्या कडेतून आत शिरलं की जाळीच्या तारा हिरव्या होतात, हिरवेपणा केबलच्या आवरणाखाली वीतभर आत सरकतो आणि पुढच्या वर्षी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप) का वाढलाय ते कुणाला कळत नाही. केबल, काठ्या, दोर गोड्या पाण्याने धुवा, काठीचे तुकडे सुटे करून उभे वाळवा. वाळू अडकलेली काठी तशीच मिटवली तर ती परत उघडत नाही. कनेक्टरचं टोक हिरवं दिसलं तर घासत बसू नका. वीतभर केबल कापून नवा कनेक्टर लावा.

लॉग दुसऱ्या दिवशी तपासा आणि आठवड्याच्या आत एलओटीडब्ल्यूवर (हॅम संपर्कांच्या ऑनलाइन नोंदवहीवर) चढवा, घरच्या नव्हे तर किनाऱ्याच्या ठिकाणाची नोंद करून. कागदी क्यूएसएल (संपर्काची पोच देणारी) कार्ड छापणार असाल तर पंचवीस-तीस जादा छापा. दीपगृहाचे कर्मचारी, पोलीस ठाणं, सरपंच आणि खाणावळ यांना एकेक कार्ड आणि आभाराचं छोटं पत्र पाठवा; पुढच्या वर्षीच्या अर्जाला त्याच पत्राची प्रत जोडायची असते.